सुरिंदर सिंग रूट: बायकोला घरी आणायचं? मग आधी घर सोडा!



समजा, २०१३ साल आहे. लंडनमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये दोन वेटर काम करतात. पगार दोघांचा सारखाच, वर्षाला १५,००० पौंड. एक पोलंडचा, दुसरा तिथलाच, ब्रिटिश. दोघांच्याही बायका भारतीय. पोलंडवाल्याची बायको त्याच्याकडे राहायला येऊ शकते. ब्रिटिश माणसाच्या बायकोला मात्र व्हिसा मिळत नाही. का? तर नवऱ्याचा पगार कमी पडतो!

आता पुढची गंमत ऐका. हाच ब्रिटिश वेटर डब्लिनला गेला, तिथे खोली भाड्याने घेतली, नोकरी धरली, बायकोला तिकडे बोलावलं, काही महिने संसार केला आणि मग दोघं मिळून लंडनला परतले, तर पगाराची ती अट त्यांना लागूच होत नाही. आपल्याकडे अशा प्रकाराला द्राविडी प्राणायाम म्हणतात. ब्रिटनमध्ये त्याला नाव पडलं 'सुरिंदर सिंग रूट'. हो, एका भारतीय माणसाच्या नावावरून. ही वाट कशी तयार झाली, तिच्यावरून कोण गेलं आणि ती बंद कशी झाली, हे आज बघूया.

आधी थोडी पार्श्वभूमी. युरोपातल्या देशांनी १९५७च्या रोमच्या करारात ठरवलं की कामगारांना एका सदस्य देशातून दुसऱ्यात जाऊन काम करता आलं पाहिजे. पण बायको-मुलांना मागे ठेवून कोण जाईल? म्हणून १९६८च्या एका नियमाने स्पष्ट केलं की असा कामगार आपल्या जोडीदाराला सोबत नेऊ शकतो, मग तो जोडीदार जगातल्या कुठल्याही देशाचा असो. ब्रिटन १९७३ साली या गटात आला आणि हा नियम त्यालाही लागू झाला.

पण यात एक मेख होती. हा हक्क सीमा ओलांडणाऱ्याला होता. जो आपल्याच देशात बसून आहे, त्याला त्याच्या देशाचा कायदा. आपल्या कामाच्या भाषेत सांगायचं तर माणूस तोच, पण त्याची रिक्वेस्ट कुठल्या सर्व्हरकडे जाणार हे तो सीमेच्या कुठल्या बाजूने येतोय त्यावर ठरतं.

आणि ब्रिटनचा स्वतःचा कायदा तेव्हा कसा होता? १९८०च्या दशकात तिथे 'मुख्य हेतू'चा नियम होता. परदेशी नवऱ्याने सिद्ध करायचं, की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नव्हता. हेतू नव्हता हे सिद्ध कसं करणार, सांगा! भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून येणाऱ्या नवऱ्यांना याचा फार मोठा फटका बसला. तेव्हा परदेशी बायको आणणं सोपं आणि परदेशी नवरा आणणं अवघड होतं. १९८५ साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे. ब्रिटनने काय केलं माहितीये? नवऱ्यांसाठी नियम सोपे केले नाहीत, बायकांसाठीही तेवढेच अवघड करून टाकले. झाली समानता!

आता सुरिंदर सिंग. भारतीय नागरिक. १९८२ साली ब्रॅडफर्डमध्ये त्यांनी एका ब्रिटिश स्त्रीशी लग्न केलं. १९८३ ते १९८५ दोघं जर्मनीत नोकरी करत होते. १९८५च्या शेवटी व्यवसाय सुरू करायला दोघं ब्रिटनला परतले. सिंग यांना नवरा म्हणून मर्यादित काळ राहायची परवानगी मिळाली. पण पुढे लग्न मोडायला लागलं. १९८७ साली घटस्फोटाचा प्राथमिक आदेश निघाला आणि सरकारने त्यांची परवानगी आखडती घेतली. १९८८च्या डिसेंबरमध्ये त्यांना देशाबाहेर काढायचा आदेश निघाला.

त्यांचा युक्तिवाद असा, की माझी बायको दुसऱ्या युरोपीय देशात काम करून परत आली, म्हणजे तिने युरोपीय हक्क वापरला, तेव्हा मलाही युरोपीय कायदा लावा. ब्रिटिश सरकार म्हणालं, ब्रिटिश बाई ब्रिटनला परत येते ती स्वतःच्या देशाच्या कायद्याने, त्यात युरोपचा काय संबंध? प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं आणि ७ जुलै १९९२ रोजी निकाल लागला.

न्यायालयाचं म्हणणं ऐकायला अगदी साधं आहे. परत आल्यावर जोडीदाराला आपल्याच घरी राहू देणार नाहीत, अशी भीती असेल तर माणूस मुळात बाहेर जाईलच कशाला? म्हणून बाहेर काम करून परतणाऱ्या नागरिकाला आपल्या देशात किमान तेवढे हक्क मिळाले पाहिजेत, जेवढे त्याला दुसऱ्या सदस्य देशात गेल्यावर मिळाले असते. ज्या लग्नावरून हे सगळं सुरू झालं ते तोवर कायद्याने संपलेलं होतं. पण त्या निकालाने इतर हजारो लग्नांसाठी वाट उघडली.

त्याच निकालात एक वाक्य सरकारांसाठीही होतं. गैरवापर रोखायचा हक्क सदस्य देशांना आहे, असं न्यायालय म्हणालं. पुढची पंचवीस वर्षं भांडण झालं ते यावरच. गैरवापर म्हणायचं तरी कशाला?

समजा कुणी फक्त या हक्कासाठीच बाहेर गेला तर? अक्रिच नावाच्या मोरोक्कन माणसाच्या खटल्यात नेमकं हेच घडलं. त्याची ब्रिटिश बायको १९९७ साली डब्लिनला गेली, मागोमाग तोही गेला. चौकशीत दोघांनी सरळ सांगून टाकलं, की काही महिने राहून युरोपीय हक्काने ब्रिटनला परत जायचा आमचा बेत आहे. २००३च्या निकालात न्यायालय म्हणालं, हेतू काय होता हे बघायचं नाही. लग्न खरं आहे का आणि काम खरं आहे का, एवढंच बघायचं. त्या निकालात परदेशी जोडीदारासाठी एक जाचक अटही होती, पण २००८ साली मेटॉक खटल्यात तीही गेली.

म्हणजे ही चोरवाट नव्हती. न्यायालयाने डोळे उघडे ठेवून मान्य केलेली वाट होती.

ब्रिटनमध्ये 'मुख्य हेतू'चा नियम १९९७ साली रद्द झाला आणि या वाटेची गरज बरीच कमी झाली. मग आलं २०१२. थेरेसा मे तेव्हा गृहमंत्री होत्या. ९ जुलै २०१२ पासून नियम आला, की परदेशी जोडीदार आणायचा तर वर्षाला किमान १८,६०० पौंड कमवा. एक परदेशी मूलही आणायचं असेल तर २२,४००. कमाई नसेल तर बँकेत ६२,५०० पौंड शिल्लक दाखवा.

जरा हिशोब करू. तेव्हा किमान वेतन तासाला ६.०८ पौंड होतं. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही सुट्टी न घेता राबलात तरी होतात सुमारे १२,६५० पौंड. म्हणजे कायद्याने ठरवलेल्या पगारावर पूर्ण वेळ काम करणारा माणूस या अटीत बसूच शकत नव्हता. त्यात परदेशी जोडीदार तिकडे कितीही कमावत असो, ते अर्जात धरत नसत. मुलं आईकडे किंवा बाबांकडे, आणि दुसरं कुणीतरी लॅपटॉपच्या स्क्रीनवर. अशा घरांना तिथे 'स्काइप कुटुंबं' म्हणायला लागले.

मग लोकांना सुरिंदर सिंग आठवले. बरेच जण आयर्लंडला गेले, कारण भाषा इंग्रजी आणि ब्रिटिश माणसाला तिथे राहायला परवानगी लागत नाही. काही जर्मनी, स्पेन, नेदरलँड्सला गेले. नोकरी शोधायची, घर घ्यायचं, जोडीदाराचं तिथलं निवासपत्र काढायचं, पगाराच्या पावत्या, भाडेकरार, विजेची बिलं जपून ठेवायची. मग ब्रिटनच्या 'फॅमिली परमिट'साठी अर्ज. त्याला फी नव्हती.

हे फक्त ब्रिटनचं नव्हतं. डेन्मार्कने २००२ साली नियम केला, की परदेशी जोडीदार आणायचा तर दोघंही किमान २४ वर्षांचे हवेत. मग तरुण डॅनिश जोडपी समुद्रावरचा ओरेसुंद पूल ओलांडून स्वीडनच्या माल्मो शहरात राहू लागली. नेदरलँड्समधले लोक शेजारच्या बेल्जियममध्ये जाऊ लागले.

ब्रिटिश सरकार गप्प बसणार नव्हतंच. १ जानेवारी २०१४ पासून नवी कसोटी आली. तुमच्या जगण्याचं केंद्र खरंच त्या देशात हललं होतं का? किती काळ राहिलात, मुख्य घर कुठे होतं, तिथल्या समाजात कितपत मिसळलात? २०१६च्या नियमांनी तर हेतूच पुन्हा टेबलावर आणला. न्यायालयाने जे बघू नका म्हटलं, तेच अधिकारी बघू लागले. २०१७ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट तत्त्वतः मान्य केली, पण मुलांच्या हिताचा नीट विचार केलेला नाही, असं सरकारला सुनावलंही.

आणि मग ब्रेक्झिट. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रिटिश लोकांचा युरोपात मुक्तपणे जाण्याचा हक्क संपला. जे आधीच बाहेर होते त्यांना जोडीदारासह परतायला २९ मार्च २०२२ पर्यंत मुदत दिली. त्यानंतर वाट बंद. युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी १९९२चा तो निकाल आजही जिवंत आहे. ज्या देशात तो खटला सुरू झाला, तिथल्या लोकांना मात्र त्याचा उपयोग नाही. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनची उत्पन्नाची अट २९,००० पौंडांवर गेली.

मला या सगळ्यात एक गोष्ट टोचते. ही वाट चालू होती तेव्हाही ती सगळ्यांसाठी नव्हती. आजारी आईला सोडून कोण जाणार? शाळेतल्या मुलाला मध्येच कोण उचलणार? ज्याच्याकडे १८,६०० पौंड नाहीत, त्याने दुसऱ्या देशात बिऱ्हाड करायला पैसे कुठून आणायचे? त्या निकालाने खूप संसार जोडले, पण मूळ प्रश्न तसाच राहिला. माणसाने कुणाबरोबर राहायचं, हे त्याच्या पगाराच्या पावतीवरून ठरवायचं का?

आपल्यापैकी कितीतरी जणांचे मित्र, भाऊ, बहिणी आज परदेशात आहेत. त्यांची लग्नं तिकडच्या नागरिकांशी होतायत. 'डिपेंडंट व्हिसा' हा शब्द आता घराघरात बोलला जातो. पुढच्या वेळी तो ऐकलात, तर त्यामागे किती घरांची धावपळ असते, हे लक्षात असू द्या. कुणी अशा वाटेने गेलं असेल आणि तुम्हाला माहीत असेल, तर त्यांना हा भाग नक्की ऐकवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!