जंगलात जाऊन चार दिवस फक्त शिवायचं आणि विणायचं! हे 'क्विल्टिंग रिट्रीट' नेमकं असतं काय?

रील्स बघताना कधीतरी असा व्हिडिओ तुमच्यासमोर आला असेल. दाट झाडीत लाकडी घर, बाजूला तळं, आत लांबलचक टेबलं आणि पंधरा-वीस बायका. कुणी मशीनवर कापडाचे तुकडे जोडतेय, कुणी खिडकीपाशी बसून स्वेटर विणतेय. खाली एक कमेंट ठरलेली असते, "एवढे पैसे देऊन गोधडी शिवायला कोण जातं?"

तर जातात, आणि बऱ्याच जणी दरवर्षी जातात. अमेरिकेत तर ही पद्धत चांगली रुजलेली आहे. ती आली कुठून, तिथं काय चालतं आणि पैसे नेमके कशाचे मोजले जातात, ते बघूया.

सुरुवात शेजारणींपासून

क्विल्ट म्हणजे ढोबळमानानं आपल्या गोधडीची लांबची बहीण. तिचे तीन थर असतात. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये कापूस किंवा लोकर आणि खाली अस्तर. हे तिन्ही थर एकत्र धरून ठेवणारे टाके घालणं म्हणजे क्विल्टिंग.

वरचा भाग एकटीनं जोडता येतो, पण पलंगाएवढा क्विल्ट हातानं टाचायचा तर बरेच दिवस जातात. म्हणून 19व्या शतकातल्या अमेरिकेत शेजारणी एका घरी जमायच्या. मोठ्या लाकडी चौकटीवर क्विल्ट ताणायचा, चारी बाजूंनी बसायचं आणि काम संपवायचं. सोबत जेवण आणि गावभरच्या गप्पा. याला 'क्विल्टिंग बी' म्हणत.

पुढं कारखान्यातली पांघरुणं स्वस्त झाली आणि गरज कमी झाली. पण 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं जुने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले आणि त्यांच्याकडे कला म्हणून बघणं वाढलं. 1976 मध्ये अमेरिकन स्वातंत्र्याला 200 वर्षं झाली, तेव्हा जुन्या हस्तकलांची आवड आणखी वाढली. क्विल्ट परत आला, पण आता तो गरजेचा राहिला नव्हता, हौसेचा झाला होता.

विणणाऱ्या बायकांचा कॅम्प

विणकामाच्या बाजूनं एक नाव महत्त्वाचं आहे, एलिझाबेथ झिमरमन. जन्म 1910 चा, इंग्लंडमधला. नंतर त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या. 1974 साली विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेकडं, तळ्याकाठच्या शेल लेक गावी त्यांनी विणकामाचा कॅम्प घेतला. पुढं त्यांची मुलगी मेग स्वॅन्सन यांनी तो चालवला.

झिमरमन यांचं म्हणणं सरळ होतं. छापील नमुन्याची ओळन् ओळ पाळण्यापेक्षा हिशोब समजून घ्या. समजा तुमच्या विणीत एका इंचात 5 टाके बसतात आणि स्वेटरचा घेर 40 इंच हवाय. म्हणजे अंगासाठी 200 टाके. मनगटाला त्याचे साधारण 20 टक्के, म्हणजे 40. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की कुठल्याही मापाचा स्वेटर मांडता येतो. अशा गोष्टी शेजारी बसून शिकल्या की लवकर कळतात, म्हणून कॅम्प.

पण जंगलातच का?

कारण बऱ्यापैकी व्यवहारी आहे. अमेरिकेत मुलांच्या उन्हाळी शिबिरांसाठी आणि सुट्टीसाठी तळ्याकाठी, झाडीत बांधलेल्या जागा पुष्कळ आहेत. झोपायच्या खोल्या, मोठं स्वयंपाकघर आणि सभागृह तिथं तयारच असतं. हंगाम नसताना अशा जागा गटांना भाड्यानं मिळतात.

न्यू हॅम्पशायर राज्यात स्क्वॅम तळ्याकाठी 1897 पासूनचा असाच एक कॅम्प आहे. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यातून बर्फाच्या लाद्या कापून साठवतात आणि उन्हाळ्यात केबिनमधल्या शीतपेट्यांत तोच बर्फ वापरतात. विणकाम आणि इतर हस्तकलांच्या कार्यशाळाही तिथं भरल्या आहेत.

दिवसभर करतात काय?

रिट्रीट दोन प्रकारचे असतात. एकात शिक्षिका असते आणि ठरलेले वर्ग असतात. दुसऱ्यात काहीच ठरलेलं नसतं, आपापलं अर्धवट काम आणायचं आणि करत बसायचं. अशा अर्धवट कामांना क्विल्टवाल्या गमतीनं 'यूएफओ' म्हणतात, म्हणजे अनफिनिश्ड ऑब्जेक्ट.

आता त्या कमेंटचं उत्तर. कापड आणि लोकर बहुतेक वेळा स्वतःचीच न्यावी लागते. पैसे मोजले जातात ते टेबलाचे, आयत्या जेवणाचे आणि कुणी हाक न मारण्याचे. घरी शिवायला बसलं की दर अर्ध्या तासानं उठावं लागतं. मांडलेले तुकडे जेवणाच्या वेळी गोळा करावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. रिट्रीटमध्ये मांडलेलं तसंच राहतं. अर्थात, ही सोय ज्यांना परवडते आणि घरातून निघता येतं त्यांच्यापुरतीच, हेही खरं.

जायचं असेल तर आधी हे विचारा

- प्रत्येकीला टेबलाची किती जागा? इस्त्री, प्लग आणि चांगला उजेड आहे का?
- झोपायला बंक बेड आहेत का? गुडघे दुखत असतील तर खालचा आधीच मागून घ्या.
- शिक्षिका आहे की फक्त जागा?
- मोबाईलला रेंज आहे का? नसेल तर नमुने आधीच छापून न्या.
- विमानानं जाणार असाल तर कात्री आणि रोटरी कटर चेक-इन बॅगेत ठेवा.

आणि तिथं गेल्यावर तासाभरानं उठून फिरा. मान, मनगटं आणि डोळे यांना विश्रांती लागतेच.

आपल्याकडं?

आपल्याकडं अंगणात वाकळ अंथरून दोघी-तिघींनी धावदोरा घालत बसणं जुनंच आहे. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यातल्या, आफ्रिकन वंशाच्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांपासून 'कवंद' शिवतात. कोपऱ्यांवर त्या तिकोनी तुकड्यांची 'फुला' लावतात, ती नसेल तर कवंद उघडी वाटते म्हणतात. फरक एवढाच, की हे काम घरकामातून उरलेल्या वेळात होतं. वेळ वेगळा काढून कुणी देत नाही.

त्यासाठी अमेरिकेलाच जायला हवं असं नाही. चार मैत्रिणी, गावाकडचं एखादं रिकामं घर, डबा बाहेरून आणि शनिवार-रविवार. घरातल्यांना मात्र आधीच सांगून ठेवा, दोन दिवस फोन करायचा नाही.