दयेचे द्वार

दिल्लीच्या हुमायून रस्त्यावर १९५६ साली बांधलेले ज्यूंचे छोटे प्रार्थनामंदिर आहे. त्यावरून जाताना मला मुंबईतील त्याहून जुने मंदिर आठवते. सॅम्युएल इझिकेल दिवेकर या बेने इस्रायली सेनाधिकाऱ्याने ते १७९६ साली स्थापन केले. त्याचे नाव 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे द्वार.

या नावाचे मूळ फार दूरचे आहे. इ. स. पूर्व आठव्या शतकात इस्रायलच्या उत्तर राज्यात होशेय हा संदेष्टा झाला. परदैवतांच्या नादी लागलेल्या राष्ट्राला त्याने व्यभिचारी पत्नीची उपमा दिली आणि ईश्वराच्या आज्ञेने स्वतःच्या मुलीचे नाव ठेवले 'लो-रुहामा', दयेस पारखी झालेली. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी ते राज्य बुडविले. परंतु त्याच ग्रंथात पुढे 'लो' हा नकार गळून पडतो. रुहामा व रहामीम यांचा धातू एकच. गर्भाशयवाचक 'रेहेम' हा शब्दही त्यातलाच. निवाडा देणाऱ्याच्या ठायी अखेर आईची माया जागते.

नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, असे बेने इस्रायल सांगत आले. कोकणात तेलाचे घाणे चालविताना त्यांना मूळ ग्रंथांचा विसर पडला. शनिवारचा विसावा मात्र सुटला नाही. अशा लोकांच्या दारावर निवाड्याचे नव्हे, दयेचे नाव आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.