अ‍ॅनी बेझंटची मुलगी आणि कोर्टातलं बाकडं

परवा एका बातमीसाठी कोर्टात गेलो होतो. बाहेरच्या बाकड्यावर तिशीतला एक माणूस वेफर्सचा पुडा आणि प्लास्टिकची बॅट घेऊन बसला होता. मुलाला भेटायला कोर्टाने दोन तास दिलेले, त्यातला पाऊण तास वाट बघण्यात गेलेला. माझ्या हातातली वही बघून म्हणाला, "साहेब, पेपरवाले ना? स्वतःच्या पोराला भेटायला ऑर्डर लागते, हे छापा की एकदा."

त्याच्या केसमध्ये कोण बरोबर, कोण चूक, मला माहीत नाही. त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण त्याच्या बोलण्यावरून अ‍ॅनी बेझंट आठवल्या.

शाळेत आपण एवढंच शिकलो की १९१६ साली होमरूलच्या दोन लीग निघाल्या, एक टिळकांची, दुसरी बेझंटबाईंची. या बाईंकडून कोर्टाने पोटची मुलगी काढून घेतली होती, हे पुस्तकात नव्हतं.

गोष्ट इंग्लंडची. तिथल्या जुन्या कायद्यात मूल बापाचं, विषय संपला. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेची तीन मुलं नवऱ्याने तोडली, तेव्हा ती पत्रकं लिहून लढली आणि १८३९ मध्ये पहिली फट पडली. सात वर्षांखालच्या मुलांच्या ताब्यासाठी आणि त्याहून मोठ्यांच्या भेटीसाठी आईला कोर्टात अर्ज करता येऊ लागला. १८७३ च्या कायद्याने पुढची सोय केली. वेगळं होताना नवऱ्याने करारात मूल आईला दिलं, तर तो करार केवळ तेवढ्यामुळे रद्द धरायचा नाही. अट एकच, मुलाचं हित.

त्याच वर्षी अ‍ॅनी पाद्री असलेल्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. करारात मुलगा डिग्बी बापाकडे आणि मुलगी मेबल आईकडे, असं ठरलं. पुढे अ‍ॅनी उघडपणे नास्तिक झाल्या आणि १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉंबरोबर संततिनियमनावरचं पुस्तक छापलं म्हणून खटल्यात सापडल्या. वरच्या कोर्टात तांत्रिक मुद्द्यावर सुटल्या. पण नवऱ्याने संधी साधली. १८७८ मध्ये, मेबल तापातून उठत असताना, ताब्यासाठीच्या अर्जाचे कागद घरी आले.

बाईंनी वकील न देता स्वतः बाजू मांडली. न्यायाधीश होते सर जॉर्ज जेसेल. आई मुलीची काळजी घेत नाही, असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. आईची मतं आणि ते पुस्तक, यामुळे मुलीचं नुकसान होईल, असं त्यांनी ठरवलं. मेबल बापाकडे गेली. १८७९ मध्ये अपिलातही ताबा बापाकडेच राहिला. भेटीची वाट मोकळी झाली, पण त्या भेटींत मुलांचीच ओढाताण होते हे बघून बाईंनी त्या थांबवल्या. मोठी झाल्यावर दोघंही आईकडे परत आली.

इथे थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती. पण १९१२ मध्ये मद्रासला बेझंटबाई पुन्हा कोर्टात उभ्या राहिल्या, आणि या वेळी उलट्या बाजूला. नारायणय्या नावाच्या बापाने आपली दोन मुलं, जे. कृष्णमूर्ती आणि त्यांचा भाऊ, बाईंकडून परत मागितली. पालकत्व त्यानेच दोन वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं. मद्रासला बाप जिंकला. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. एक मुद्दा असा की इंग्लंडमध्ये असलेल्या मुलांना काय हवं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. आई लढली, बाप लढला, आणि मूल शेवटी आठवलं.

आपल्याकडेही तेच. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात मुलाचं हित आहे, समजत्या वयाच्या मुलाचं मत विचारात घ्यायची सोयही आहे. तरी १९५६ च्या हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्या 'नंतर' आई. गीता हरिहरन ही लेखिका मुलाच्या नावाने बाँड घ्यायला गेली, तर रिझर्व्ह बँकेने बापाची सही मागितली. ती सुप्रीम कोर्टात गेली. १९९९ मध्ये कोर्टाने सांगितलं, 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, तो जबाबदारी घेत नसेल तरीही. २०२० मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याची भेट आणि बोलणं, व्हिडिओ कॉलवर का होईना, सहसा तुटू नये.

म्हणजे बंधनं हलतात, कुणी तरी कोर्टात उभं राहिलं की. मात्र 'हित' या शब्दात काय भरायचं, हे प्रत्येक काळ आपल्या सोयीने ठरवतो. जेसेलसाहेबांनीही तोच शब्द वापरला होता.

परवा तो मुलगा शेवटी आला. बॅट घेतली नाही. आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि खाली मान घालून उभा राहिला. त्याला कुणी विचारलंय का?