लूना, डॉन्येल

लूना, डॉन्येल : (३१ ऑगस्ट १९४५ – १७ मे १९७९). अमेरिकन मॉडेल व अभिनेत्री. मूळ नाव पेगी ॲन फ्रीमन. ब्रिटिश ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या मार्च १९६६ च्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र आले. ‘व्होग’च्या कोणत्याही देशातील आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्याआधी, जानेवारी १९६५ मध्ये, ‘हार्पर्स बझार’ने तिला मुखपृष्ठावर आणले होते, पण रेखाचित्राच्या रूपात. छायाचित्र आणि रेखाचित्र यांतल्या या फरकाला तिच्या चरित्रात फार महत्त्व आहे.

तिचा जन्म मिशिगन राज्यातील डेट्रॉइटचा. वडील नॅथॅनियल हे फोर्ड कंपनीच्या मोटार कारखान्यात कामाला होते. आईवडिलांचा संसार वादळी होता. तो अनेकदा मोडला आणि पुन्हा मांडला गेला. पेगी कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये शिकली. सहा फुटांच्या आसपास उंची, अतिशय सडपातळ बांधा, लांब हातपाय आणि टपोरे डोळे यांमुळे ती चारचौघींत वेगळी दिसे. तिला नाटकाची ओढ होती. ‘डॉन्येल’ हे नाव तिने शाळकरी वयातच घेतले आणि त्याबरोबर बोलण्याची एक निराळी, कोणत्याच देशाची न वाटणारी ढबही उचलली. १९६३ मध्ये डेव्हिड मॅकेब हा इंग्लिश छायाचित्रकार कामानिमित्त डेट्रॉइटला आला होता. रस्त्यात दिसलेल्या या मुलीला त्याने न्यूयॉर्कला येण्याचे सुचवले. पुढच्याच वर्षी ती तेथे पोहोचली.

त्या वेळी अमेरिकेतील छापील फॅशनच्या जगात वर्णभेदाची भिंत उघडउघड उभी होती. कृष्णवर्णीय मॉडेल नव्हत्या असे नाही. डोरोथिया टाउल्सने १९४९ च्या सुमारास पॅरिसमध्ये दिओरसाठी काम केले होते, हेलन विल्यम्सचा चेहरा जाहिरातींतून दिसू लागला होता आणि १९४५ मध्ये निघालेल्या, कृष्णवर्णीयांसाठीच्या ‘एबनी’ मासिकाचा स्वतःचा मोठा वाचकवर्ग होता. पण ते सारे वेगळ्या पंगतीत बसवलेले होते. ‘व्होग’ आणि ‘बझार’ यांच्या गुळगुळीत पानांवर गोऱ्या मुलींचीच छायाचित्रे येत. शांघायमध्ये जन्मलेली, मिश्र वंशाची चायना मचाडो १९५९ मध्ये ‘बझार’च्या पानांवर आली. तीही छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडनने करार पुढे न वाढवण्याची धमकी दिल्यावर आली, असे मचाडोने पुढे सांगितले आहे. संपादकांच्या वैयक्तिक पूर्वग्रहांइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, येथे पैशाचा प्रश्न होता. अशा मासिकाचा खर्च अंकाच्या किमतीतून निघत नाही, तो जाहिरातींतून निघतो. कपडे व सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या व्यापाऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक दक्षिणेकडील राज्यांत असल्यामुळे तेथील गोऱ्या गिऱ्हाइकाला काय खपणार नाही याचा धाक न्यूयॉर्कमधल्या टेबलापर्यंत पोहोचत असे. नागरी हक्क कायदा १९६४ मध्ये झाला. पण मासिकात कोणाचा चेहरा छापावा यावर कोणत्याच कायद्याची सत्ता चालत नव्हती.

जानेवारी १९६५ च्या ‘बझार’चे मुखपृष्ठ काटरीना डेन्झिंगर हिने रेखाटलेले होते. बैठक लूनाची, बांधा लूनाचा. पण चित्रातली स्त्री कृष्णवर्णीय आहे असे पाहणाऱ्याला ठामपणे म्हणता येऊ नये, अशा बेताने रंग भरलेला. मासिकाला अडथळा ओलांडल्याचे श्रेयही मिळाले आणि ओलांडला नाही असे म्हणण्याची सोयही राहिली. त्याच महिन्यात डेट्रॉइटला तिच्या आईने स्वसंरक्षणार्थ झाडलेल्या गोळीने वडील मरण पावले. या घटनेविषयी लूना लोकांसमोर क्वचितच बोलली.

अ‍ॅव्हेडनने तिला आपल्याशी करारबद्ध केले. एप्रिल १९६५ च्या ‘बझार’चे अतिथी संपादन त्याच्याकडे होते. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर मॉडेल जीन श्रिम्प्टन होती, आत मात्र लूनाची मोठी छायाचित्रे होती. अंक बाजारात आला आणि दक्षिणेकडील जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या, काही वर्गणीदारांनी वर्गणी बंद केली. मासिकाचे मालक हर्स्ट प्रकाशन होते. वर्णद्वेष आणि फॅशनच्या धंद्याचे अर्थकारण यांमुळे त्यानंतर आपल्याला लूनाचे छायाचित्र प्रसिद्धीसाठी पुन्हा काढू दिले गेले नाही, असे अ‍ॅव्हेडनने नंतर स्पष्ट सांगितले. अमेरिकेतील सर्वांत वजनदार छायाचित्रकाराची ही स्थिती होती, हे ध्यानात घेतले म्हणजे एकोणीस वर्षांच्या मॉडेलच्या हातात किती थोडे होते याची कल्पना येते.

१९६५ च्या अखेरीस ती लंडनला गेली. तेथील फॅशन तेव्हा जुन्या खानदानी वळणातून बाहेर पडत होती. ट्विगी ही मॉडेल पुढे येत होती आणि छायाचित्रकारांनाच ताऱ्यांचे वलय लाभले होते. छायाचित्रकार डेव्हिड बेलीने ब्रिटिश ‘व्होग’साठी टिपलेल्या छायाचित्रात लूनाने दोन बोटांचा कोन चेहऱ्यावर धरला आहे. त्या बोटांमधून एकच डोळा थेट पाहणाऱ्याकडे रोखलेला आहे. नाक आणि ओठ हाताआड गेले आहेत. संपादक होत्या बिट्रिक्स मिलर. ही मुद्रा केवळ कलात्मक होती, की वंश ओळखू येणारा चेहऱ्याचा भाग झाकण्याची खबरदारी होती, यावर आजही वाद होतो. प्रस्तुत लेखकाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. छायाचित्र अप्रतिम आहे, आणि मासिकाला ते इतके सोयीचे होते हा निव्वळ योगायोग मानणे अवघड आहे. ‘टाइम’ साप्ताहिकाने १ एप्रिल १९६६ च्या अंकात ते वर्ष लूनाचे असल्याचे जाहीर केले. दुकानांच्या काचेआडच्या पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एडेल रूटस्टाइनने तिच्या अंगकाठीवरून पुतळा घडवला. पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर पाको राबानच्या कपड्यांत तिची छायाचित्रे निघाली.

या कौतुकाची भाषा मात्र तपासून पाहावी अशी आहे. वृत्तपत्रे तिचे वर्णन करताना कधी परग्रहावर जात, कधी जंगलात, कधी प्राचीन इजिप्तमध्ये. डेट्रॉइटच्या कामगाराची मुलगी म्हणून तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. तिनेही या खेळात भाग घेतला. मुलाखतींत ती आपल्या पूर्वजांत मेक्सिकन, आयरिश, इजिप्शियन अशी माणसे आणून बसवी. ‘लूना’ हे वडिलांचे आडनाव असल्याचे सांगे. रंगीत काँटॅक्ट लेन्स आणि सोनेरी केसांचे टोप ती सर्रास वापरी. कृष्णवर्णीयांच्या चळवळीचा जोर वाढत असताना तिने आपला वंश असा धूसर ठेवला. त्यामुळे आपल्याच समाजातील अनेकांना ती परकी वाटली, आणि पुढे तिचे नाव अभिमानाने घ्यायला फारसे कोणी उरले नाही. तिच्यावर हा ठपका ठेवताना एवढे विसरू नये की, तिच्या खऱ्या ओळखीला मुखपृष्ठावर येण्यासाठी एकदा रेखाचित्राचा आणि एकदा हाताचा आडोसा घ्यावा लागला होता.

अँडी वॉरहॉलच्या ‘कॅम्प’ (१९६५) या चित्रपटात ती होती. १९६७ मध्ये त्याने तिच्याच नावाचा एक लघुपट काढला, त्यात ती स्नो व्हाइट झाली आहे. विल्यम क्लाइनच्या ‘तू कोण आहेस, पॉली मागू?’ (१९६६) या फॅशनजगताची टिंगल करणाऱ्या चित्रपटातही ती दिसते. ऑटो प्रेमिंजरच्या ‘स्किडू’ (१९६८) मध्ये तिला ‘गॉड’ (देव) म्हणवणाऱ्या टोळीप्रमुखाच्या प्रेयसीची भूमिका मिळाली. हा ‘गॉड’ झाला होता ग्राउचो मार्क्स. चित्रपट पडला. डिसेंबर १९६८ मध्ये चित्रित झालेल्या रोलिंग स्टोन्सच्या ‘रॉक अँड रोल सर्कस’मध्येही ती आहे, तो कार्यक्रम प्रत्यक्ष लोकांपुढे आला १९९६ मध्ये. तिची लक्षात राहणारी भूमिका म्हणजे फेडेरिको फेलिनीच्या ‘सॅटिरिकॉन’ (१९६९) मधील ओनोथेआ ही मांत्रिक स्त्री. कार्मेलो बेनेच्या ‘सालोमे’ (१९७२) मध्ये तिने नायिकेचे काम केले.

सत्तरच्या दशकात ती इटलीत स्थायिक झाली. छायाचित्रकार लुईजी काझानिगा याच्याशी तिने विवाह केला. १९७७ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव ड्रीम. मादक पदार्थांचे सेवन लंडनपासूनच चालू होते. रोममधील एका रुग्णालयात हेरॉइनच्या अतिमात्रेमुळे तिचा मृत्यू झाला. वय ३३. मुलगी तेव्हा दीड वर्षांची होती.

मृत्यूनंतर तिचा उल्लेख झपाट्याने मागे पडला. तिच्यानंतरची कृष्णवर्णीय मॉडेल नेओमी सिम्स नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’च्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये ‘लाइफ’च्या मुखपृष्ठावर आली. ऑगस्ट १९७४ मध्ये फ्रांचेस्को स्काव्हुलोने टिपलेली बेव्हर्ली जॉन्सन अमेरिकन ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर आली, तेव्हा ‘पहिली कृष्णवर्णीय मॉडेल’ हे बिरुद तिला मिळाले. अमेरिकन आवृत्तीपुरते ते अचूक आहे. मात्र ‘अमेरिकन’ हा शब्द गाळून ते इतक्या वेळा छापले गेले की, आठ वर्षांपूर्वीच्या लंडनच्या अंकाची कित्येकांना कल्पनाच राहिली नाही. नायला जेफरसन दिग्दर्शित ‘डॉन्येल लूना : सुपरमॉडेल’ हा अनुबोधपट २०२३ मध्ये एचबीओवर दाखवला गेला, त्यात ड्रीम काझानिगाने आपल्या आईविषयी सांगितले आहे.