किरकोळ कामाची हद्द

फाळ बोथटला, कुळवाची फास झिजली, पाभरीचं चाडं निखळलं, की कुणबी औत उचलून सुतार-लोहाराकडे जायचा. तिथे भाव ठरत नसे. वर्षभराच्या डागडुजीचा मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे, तेच बलुतं. नवी बैलगाडी घडवायची असली तर मात्र हिशेब वेगळा व्हायचा. म्हणजे दुरुस्ती कुठे संपते आणि मोठं काम कुठे सुरू होतं, हे परवान्याचा कागद येण्याआधीच गावाने ठरवून टाकलं होतं.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेचं बारकाईने वर्णन आहे. तिच्या आठवणीने हळवं होण्याचं मात्र कारण नाही. कारागीर जातीला जखडलेला होता आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर होता. दया पवारांच्या 1978 च्या ‘बलुतं’ने त्या शब्दामागचं दुःख साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडलं.

शहरात ओळखीचं गाव उरलं नाही, पण दारावरची कामं राहिली. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारे, सुऱ्यांना धार लावणारे, कल्हईवाले. कल्हईवाला वाड्याच्या अंगणात खड्डा करून कोळसा पेटवायचा, भाता चालवायचा. पितळेचं पातेलं चांगलं तापलं की त्यात नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी तापल्या भांड्याला टेकवून कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायची, की काळवंडलेला तळ क्षणात चंदेरी. घरची बाई शेजारीच उभी. एखादा कोपरा सुटला तर तिथल्या तिथे दाखवणार. तरीही फसवणूक झालीच, तर कळकलेलं ताक चारचौघांत सांगणार, आणि त्या वाड्याचं दार त्या माणसाला बंद होणार. या कामाला सरकारी तपासनिसाची गरज पडली नाही, कारण कामाचा कस गिऱ्हाइकाला डोळ्यांनी आणि जिभेने लागत होता. पुढे स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाल्याची हाक विरळ झाली.

विजेची गोष्ट निराळी. तिची चूक भिंतीत दडते आणि जीव घेते. भारतीय विद्युत नियम, 1956 मधल्या 45 व्या नियमाने घरातलं वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडे सोपवलं. देखरेखीला प्रमाणपत्रधारक आणि हाताने काम करणारा परमिटवाला माणूस हवा, असंही सांगितलं. पण त्याच नियमाने दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्याची कामं वगळली. अट एकच: त्या बदलाने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. 2010 च्या नियमांतही ही सवलत राहिली.

कॅलिफोर्नियाने हीच हद्द पैशांत आखली. तिथे बांधकाम ठेकेदारांची परवाना व्यवस्था 1929 पासून आहे. वर्षानुवर्षं 500 डॉलरपेक्षा कमी खर्चाच्या कामाला परवाना लागत नसे. 1 जानेवारी 2025 पासून ही मर्यादा 1,000 डॉलर झाली. त्यात मजुरी आणि सामान दोन्ही धरायचं. हाताखाली माणूस ठेवायचा नाही, बांधकाम परवानगी लागणारं काम घ्यायचं नाही, आणि मोठ्या कामाचे तुकडे पाडून आकडा खाली आणायचा नाही.

आकड्याची हद्द मोजायला सोपी असते. तरी आपला नियम जास्त शहाणपणाचा आहे, कारण तो बिलाकडे न बघता धोक्याकडे बघतो. आज पंख्याचा रेग्युलेटर बिघडला की लोक कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात विचारतात आणि दुकानदार ओळखीचा माणूस पाठवतो. रेग्युलेटर बदलणं नियमात बसतं. तोच माणूस जाता जाता गिझरसाठी बोर्डापासून नवी लाइन ओढून देतो, तेव्हा जोडणीवरचा भार बदलतो. काम तासाभराचं असलं तरी ते किरकोळ नसतं, आणि तिथे परमिट विचारायलाच हवं.