बालपणीची प्रतिकूलता आणि किशोरवयीनांचे मुखारोग्य

बालपणीची प्रतिकूलता म्हणजे वयाच्या अठरा वर्षांपर्यंत मुलाच्या वाट्याला येणारे छळ, दुर्लक्ष, घरातील हिंसा यांसारखे अनुभव होत. त्यांचे परिणाम मनाप्रमाणेच दात, हिरड्या व एकूण मुखारोग्यावरही होतात, असे संशोधनातून दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयास किशोरवय मानते. अक्कलदाढा वगळता बहुतेक कायमचे दात या काळात येऊन पूर्ण होतात. दात घासण्यापासून तंबाखूपर्यंतच्या बऱ्यावाईट सवयीही याच वयात रुजतात.

संकल्पनेचा इतिहास

व्हिन्सेंट फेलिटी व रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक प्रौढांची पाहणी केली. तिचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिकूल अनुभवांचे पुढे दहा प्रकार मानले गेले: शारीरिक, मानसिक व लैंगिक छळ, शारीरिक व भावनिक दुर्लक्ष, आणि आईला होणारी मारहाण, व्यसन, मानसिक आजार, पालकांची फारकत व घरातील व्यक्तीचा तुरुंगवास. सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींनी यांपैकी किमान एक अनुभव सांगितला. अनुभवांची संख्या वाढेल तसा प्रौढपणीच्या आजारांचा धोका वाढतो, असे या पाहणीत आढळले.

मुखारोग्याशी संबंध

हा संबंध अनेक मार्गांनी घडतो.

जैविक: सततच्या भीतीमुळे शरीरातील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे संतुलन बिघडते व रोगप्रतिकारशक्तीवर परिणाम होतो. थॉमस बॉइस व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालवाडीतील मुलांच्या अभ्यासात लाळेतील अधिक कॉर्टिसॉलचा दंतक्षयाशी संबंध आढळला.

वर्तनविषयक: ज्या घरात जेवणाची व झोपेची वेळ ठरलेली नसते, तेथे दात घासण्याची सवय लावणारेही कोणी नसते. गोड खाणे, तंबाखू व मद्य यांत तात्पुरता दिलासा शोधला जातो. ताणामुळे झोपेत दात खाण्याची सवय लागून दात झिजू शकतात.

उपचारविषयक: पालकांचे दुर्लक्ष वा आर्थिक ओढाताण यांमुळे लहानशी कीड वेळेवर भरली जात नाही. छळ सोसलेल्या मुलास खुर्चीत आडवे पडून अनोळखी व्यक्तीपुढे तोंड उघडणे भीतिदायक वाटू शकते. त्यामुळे तो उपचार टाळतो आणि दुखणे वाढते. मारहाणीत दात तुटणे वा ओठ फाटणे ही तर थेट इजा होय.

स्वास्थ्यावरील परिणाम

दातदुखीमुळे झोप, जेवण व अभ्यास बिघडतो आणि शाळा बुडते. किडलेल्या वा तुटलेल्या पुढच्या दातांवरून होणाऱ्या चेष्टेमुळे मूल तोंडावर हात ठेवून हसू लागते किंवा बोलणेच टाळते. आधीच दुखावलेल्या मुलाचा आत्मविश्वास यामुळे आणखी खचतो. एनॅमल हे दाताचे कठीण आवरण एकदा नष्ट झाले की शरीर ते पुन्हा तयार करीत नाही. म्हणून या वयातील हानी जन्मभर राहते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास झाला. बालपणी दारिद्र्य सोसलेल्यांचे दात व हिरड्या वयाच्या २६ व्या वर्षी अधिक खराब आढळल्या. पुढे परिस्थिती सुधारूनही तो परिणाम पुसला गेला नाही.

भारतातील स्थिती

केंद्र सरकारच्या २००७ च्या बालछळविषयक अहवालासाठी महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी झाली. दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे तीत आढळले. २०१९ च्या पाहणीनुसार १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत होते. महाराष्ट्रात मशेरीने दात घासण्याची प्रथा घरातूनच मुलांपर्यंत पोहोचते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे.

प्रतिबंध व मर्यादा

उपचारापूर्वी प्रत्येक पायरी समजावून सांगणे, मुलाने हात वर करताच थांबणे व त्याला दोष न देणे या साध्या गोष्टींनी भीती कमी होते. वारंवार होणाऱ्या जखमा किंवा सांगूनही न केलेले उपचार हे दुर्लक्षाचे वा छळाचे लक्षण असू शकते. दंतवैद्य व शिक्षक यांच्या ते प्रथम लक्षात येण्याचा संभव असतो. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा बालमदत क्रमांक उपलब्ध आहे.

यातील बरेच अभ्यास आठवणींवर आधारलेले असून ते संबंध दाखवतात, कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत. अनुभवांच्या संख्येवरून एखाद्या मुलाचे भवितव्य ठरवता येत नाही, आणि प्रत्येक किडलेल्या दातामागे छळ असतोच असेही नाही. विश्वासाची एखादी प्रौढ व्यक्ती, आधार देणारी शाळा व वेळेवर मिळालेले उपचार यांमुळे प्रतिकूलतेचे परिणाम बऱ्याच अंशी सौम्य होऊ शकतात.