आल्टिसचे मूळ गाव

सरकारी नोकराला आपले मूळ गाव एकदा लेखी जाहीर करावे लागते. ते सेवापुस्तकात नोंदले जाते आणि उभ्या नोकरीत ते बदलण्याची मुभा फार तर एकदाच मिळते. कल्पित स्थळांना असे काही बंधन नाही, असा आपला समज असतो. एखाद्या कादंबरीकाराने नवे नगर वसवले किंवा एखाद्या चित्रकाराने नवे बेट रेखाटले, तर ते मूळचे कोठले, हे विचारण्याचा अधिकार समीक्षकाचा; पोलिसाचा खास नव्हे. परंतु २०१२ साली एजियन समुद्रातील एका बेटावर हा प्रश्न खुद्द पोलिसांपुढे आला, आणि त्यापायी दोन परदेशी नोकरदारांना चार महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला.

ते दोघे प्राग येथील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह ह्या कंपनीचे कर्मचारी. ही कंपनी संगणकावर खेळावयाचे युद्धविषयक व्हिडिओ गेम तयार करते. तिचा ‘आर्मा ३’ हा खेळ सप्टेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे कथानक २०३५ सालात घडते, आणि त्याची रंगभूमी म्हणजे आल्टिस व स्ट्रॅटिस ह्या दोन बेटांचे एक कल्पित प्रजासत्ताक. आल्टिसचे क्षेत्रफळ सुमारे २७० चौरस किलोमीटर, स्ट्रॅटिसचे सुमारे २०. ह्या भूमीवर खेळणाऱ्याला कोणत्याही दिशेने चालत जाता येते; डोंगर चढता येतो, ओढा ओलांडता येतो, रस्त्याने गाडी हाकता येते. नाटकातला पडदा मागे सरकवला की भिंत लागते. येथे पडद्यामागेही गाव असते.

अशी भूमी निव्वळ मनाने रचणे सोपे नाही. माणसाने कल्पनेने काढलेला किनारा बहुधा एकसुरी होतो. त्याची नदी चढावरून वाहते आणि त्याचे गाव पाण्यावाचून वसते. खऱ्या भूमीत मात्र प्रत्येक वळणाला कारण असते. पाणी उतार शोधते, रस्ता खिंड शोधतो, वस्ती विहीर शोधते, आणि किल्ला ह्या तिघांवर नजर ठेवता येईल अशी टेकडी शोधतो. म्हणून ह्या कंपनीने आरंभापासून खऱ्या भूमीचाच आधार घेतला. २००१ सालच्या तिच्या ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ ह्या पहिल्या गाजलेल्या खेळातील एव्हरॉन हे बेट क्रोएशियाच्या कर्क बेटावरून आणि माल्डेन हे ग्रीसच्या लेफ्काडा बेटावरून घेतलेले होते. नकाशातून कल्पित जग जन्माला येण्याची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८१ साली स्कॉटलंडमध्ये सावत्र मुलाच्या करमणुकीच्या निमित्ताने एका बेटाचा नकाशा रंगवला, आणि त्या नकाशातूनच ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी उगवली. पुढे तो मूळ नकाशा छापखान्याच्या वाटेवर गहाळ झाला, तेव्हा स्वतःचीच कादंबरी वाचून त्याला तो नव्याने काढावा लागला. स्टीव्हन्सनचे भाग्य एवढेच, की त्याच्या बेटावर कोणाचीही छावणी नव्हती.

आल्टिसचे मूळ गाव म्हणजे लेम्नॉस हे ग्रीक बेट. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४७७ चौरस किलोमीटर. अर्थात लांबीरुंदीत आल्टिस हे त्याच्या सुमारे पाऊणपट. उत्तरेकडून व दक्षिणेकडून आत घुसलेली दोन खोल आखाते लेम्नॉसला मध्यभागी जवळजवळ दुभंगतात. आल्टिसची आकृतीही तशीच. लेम्नॉसच्या पश्चिम किनाऱ्यावर मिरिना हे मुख्य शहर आहे व त्याच्या माथ्यावर जुना दुर्ग आहे. आल्टिसच्या पश्चिम किनाऱ्यावर काव्हाला आहे, आणि दुर्ग तेथेही आहे. लेम्नॉसच्या पूर्वभागात उन्हाळ्यात आटणारे खारे सरोवर आहे; आल्टिसच्या पूर्वभागात तसेच शुष्क मिठागर पसरलेले आहे. नावे तेवढी दुसरीकडून आणलेली. काव्हाला हे उत्तर ग्रीसमधील खरे बंदर आहे. आणि आल्टिस हे प्राचीन ऑलिंपियातील झ्यूसच्या पवित्र उपवनाचे नाव.

लेम्नॉस बेट असे संशयाच्या छायेत का असावे, हे समजण्यासाठी त्याचे स्थान पाहिले पाहिजे. दार्दानेल्सची सामुद्रधुनी तेथून जवळ आहे, आणि काळ्या समुद्रात जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जहाजाला त्या सामुद्रधुनीतून जावे लागते. ट्रॉयची भूमी समोरच्याच किनाऱ्यावर. होमरच्या काव्यात ट्रॉयला वेढा घालून बसलेल्या ग्रीक सैन्याला मद्य पुरवले जाते ते लेम्नॉसहून. आणि सर्पदंशाने जखमी झालेल्या फिलोक्टेटीसला त्याच सैन्याने टाकून दिले तेही लेम्नॉसवर. ऑटोमन साम्राज्याच्या ताब्यातून हे बेट ग्रीसकडे आले १९१२ साली. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या मोहिमेसाठी दोस्त राष्ट्रांचा नाविक तळ पडला तो लेम्नॉसच्या मूद्रॉस आखातात. त्या मोहिमेत शीख व गुरखा पलटणी होत्या, हिंदी पहाडी तोफखाना होता, खेचरांच्या गाड्या हाकणारे हिंदी जवानही होते. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी ऑटोमन साम्राज्याने शस्त्रसंधीवर सही केली ती ह्याच आखातात उभ्या असलेल्या एका ब्रिटिश युद्धनौकेवर. ट्रॉयवर चालून गेलेल्या राजाचे नाव तिला दिलेले होते : अ‍ॅगमेम्नॉन! त्या संधीनंतर खलिफाच्या भवितव्याविषयी जी चिंता पसरली, तिचे पडसाद आपल्याकडे खिलाफत चळवळीच्या रूपाने उमटले. लेम्नॉसचे नाव आपल्या शालेय पुस्तकात आले नसेल. त्याची सावली मात्र आली आहे.

१९२३ च्या लोझान येथील करारांनी लेम्नॉसवर सैन्य ठेवण्यास बंदी घातली. १९३६ च्या माँत्रो कराराने ती बंदी उठली, असे ग्रीस मानतो. तुर्कस्तान तसे मानीत नाही. अशा बेटावर प्रत्येक बराक हा केवळ बराक नसतो. तो एका जुन्या वादातील पुरावा असतो.

हा खेळ लेम्नॉसवर घडणार, हे कंपनीने २०११ सालीच जाहीर केले होते, आणि तेव्हा खेळातील बेटाचे नावही लेम्नॉसच होते. सप्टेंबर २०१२ मध्ये तिचे दोन कर्मचारी त्या बेटावर गेले असता लष्करी ठिकाणांची छायाचित्रे घेतल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. आरोप हेरगिरीचा होता. सिद्ध झाला असता तर वीस वर्षांपर्यंत शिक्षेची शक्यता होती. ते दोघे सुटी घालवण्यासाठी गेले होते, कामावर पाठवलेले नव्हते, अशी कंपनीची भूमिका होती. झेक राष्ट्राध्यक्षांनी आपल्या ग्रीक समपदस्थांना प्रकरणात लक्ष घालण्याची विनंती केली. अखेर जानेवारी २०१३ मध्ये प्रत्येकी पाच हजार युरोंच्या जामिनावर दोघांची सुटका झाली आणि ते मायदेशी परतले.

ह्या घटनेत ग्रीक अधिकाऱ्यांना हसणे फार सोपे आहे. मुलांच्या खेळाला राज्ययंत्रणा भ्याली, असे म्हटले की काम संपते. पण राज्याच्या सेवेत असलेल्या माणसाने इतक्या लवकर हसू नये. १८६५ साली भारतीय सर्वेक्षण खात्याने नैनसिंग रावत नावाच्या कुमाऊँच्या एका शिक्षकाला यात्रेकरूच्या वेषात तिबेटात पाठवले होते. त्याच्या जपमाळेत एकशे आठ मण्यांऐवजी शंभर मणी होते. दर शंभर पावलांना तो एक मणी ओढी. त्याच्या प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी मोजमापांचे कागद होते. त्याने ल्हासाचे स्थान निश्चित केले, आणि लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पुढे त्याला सुवर्णपदक दिले. एका देशाचे सुवर्णपदक म्हणजे दुसऱ्या देशाच्या दृष्टीने गुन्ह्याचा कबुलीजबाबच! यात्रेकरूच्या हातात माळ असते आणि हेराच्याही. सहलीला आलेल्याच्या गळ्यात कॅमेरा असतो आणि टेहळ्याच्याही. पहाऱ्यावरच्या शिपायाला माणसाचा हेतू दिसत नाही, कॅमेरा दिसतो.

संशय निराधार नसतो हे मान्य केले, तरी संशय म्हणजे पुरावा नव्हे, हेही तितकेच खरे. जे बेट उपग्रहांनी वरून शेकडो वेळा टिपले आहे, त्याची आकृती कोणापासून लपवावयाची? आपल्याकडेही सीमाप्रदेशाचे व किनारपट्टीचे तपशीलवार नकाशे दीर्घकाळ सामान्य नागरिकाला सहज मिळत नसत. २०२१ साली केंद्र सरकारने ह्याविषयीची बंधने पुष्कळ सैल केली, त्यामागे हाच विचार होता. कायदा मात्र तंत्रापेक्षा सावकाश चालतो, आणि ह्या दोहोंमधील अंतर कोणाला तरी स्वतःच्या आयुष्यातील दिवसांनी भरून काढावे लागते. लेम्नॉसच्या प्रकरणात ते ह्या दोघांनी भरले.

ते परतल्यानंतर काही आठवड्यांतच कंपनीने खेळातील बेटाचे नाव बदलून आल्टिस केले. हे बेट कल्पित आहे ही गोष्ट अधिक स्पष्ट व्हावी, हा त्यामागील हेतू होता. डोंगर तेच राहिले, आखाते तीच राहिली, दुर्गही जागचा हलला नाही. एका शब्दाच्या फेरफाराने वस्तुस्थितीत तिळमात्र फरक पडला नाही; जबाबदारीत मात्र पडला. कचेरीत आयुष्य काढणाऱ्याला ह्याचे नवल वाटू नये. विषय तोच ठेवून शीर्षक बदललेल्या कितीतरी फायली आपण पाहिलेल्या आहेत.

परंतु मला ह्या सर्व प्रकरणात अधिक बोचते ते दुसरेच. नव्या बेटाने जुन्या बेटाकडून काय घेतले ह्याचा हिशेब पोलिसांनी केला; काय घेतले नाही ह्याचा कोणी केला नाही. मूद्रॉस येथे राष्ट्रकुलाच्या आठशेंहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. कल्पित बेटावर पुढील युद्ध खेळता यावे म्हणून टेकड्या आल्या. मागील युद्धाने मारलेली माणसे आली नाहीत. स्ट्रॅटिसचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. त्याचे मूळ म्हणजे लेम्नॉसच्या दक्षिणेकडील आयॉस एफ्स्ट्रातिऑस हे लहानसे बेट. १९३० नंतरच्या दशकांत ग्रीक सरकारने हजारो राजकीय विरोधकांना ह्या बेटावर हद्दपार केले. दुसऱ्या महायुद्धातील दुष्काळात त्यांतले कित्येक तेथेच उपाशी मेले. कवी यानिस रित्सॉस ह्यांनी यादवी युद्धाच्या काळात प्रथम लेम्नॉसवर आणि पुढे ह्या बेटावर बंदिवास भोगला. फेब्रुवारी १९६८ च्या भूकंपाने तेथील जुने गाव उद्ध्वस्त केले. खेळातल्या स्ट्रॅटिसवर विमानतळ आहे, छावण्या आहेत, एक ओसाड वस्ती आहे; ती वस्ती ओसाड का, हे तेथे कोणी विचारीत नाही.

खेळाने इतिहास शिकवावा, असा हट्ट मी धरणार नाही. पण भूमी उसनी घेता येते आणि तिची स्मृती घेता येत नाही, एवढे ह्या दोन बेटांवरून ध्यानात यावे. उंचसखलपणा उपग्रहाला दिसतो. कोणत्या उतारावर कोणी कोणाची वाट पाहिली, हे त्याला दिसत नाही. आपल्या घरातली मुले उद्या आल्टिसच्या दुर्गावर चढून समुद्राकडे पाहतील. त्यांना खुशाल पाहू द्यावे. मात्र त्या समुद्रापलीकडे ट्रॉय आहे, दार्दानेल्स आहे, आणि अलीकडच्या आखातात ज्या युद्धाचा शेवट लिहिला गेला त्यात आपल्याकडचीही माणसे होती, हे त्यांना सांगणारे कोणीतरी शेजारी बसलेले असावे.